तेवीस नंबरची नक्षी

शकू,

तुझ्या तेराव्याला मी लोकांना परातीत बोटं बुडवायला लावली. तुझ्या वहिनीला ते अजून पटलेलं नाही. म्हणते, माणसं जेवायला बोलावली होती की तमाशा बघायला? पण माझा इलाज नव्हता. जेवणं आटपली, सुपारी फिरली, आणि आपल्या समोरचे जोशी, ज्यांना तू हवामान खातं म्हणायचीस, ते सुपारी चघळत म्हणाले, "बिचारी शकुंतलाबाई. सगळा जन्म धुळीत गेला हो. ना नवरा, ना पोर." चार जणांनी माना डोलावल्या. आपल्या मन्यानेही डोलावली. माझा पोरगा, ज्याला तू दहावीपर्यंत मांडीशी बसवून शिकवलंस.

मी उठलो. तुझ्या कपाटातून ती तपकिरी बाटली आणली. परात पाण्याने भरली आणि वरून लायकोपोडियमची पिवळी भुकटी भुरभुरवली, पाणी दिसेनासं होईपर्यंत. जोशींना म्हटलं, बोट घाला. म्हणाले, "अहो, आज काय हे?" म्हटलं, घाला भैया, चावत नाही. त्यांनी घातलं, अर्ध्या पेरापर्यंत. मी म्हटलं, पूर्ण घाला. पूर्ण घातलं. बाहेर काढलं तर बोट कोरडं खडखडीत. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, धोतराला पुसलं, पुसायला काही नव्हतंच.

"कोरडं कसं राहिलं?" जोशी म्हणाले.

म्हटलं, ही माझ्या बहिणीची धूळ आहे. हिच्या एकेका कणात एक अख्खं झाड आहे. याला ना फूल येतं, ना फळ, याचं सगळं घराणं या कणावर चालतं. बीजाणू म्हणतात याला. प्रत्येक कणाच्या अंगावर जाळी विणलेली आहे, इतकी बारीक आणि इतकी तेलकट की पाण्याला आत पाय ठेवायला जागा मिळत नाही. या जाळीचं एकेक घर माझ्या बहिणीने मोजलंय. तुम्ही आयुष्यभर काय मोजलंत, जोशी?

मग सगळ्यांनी बोटं घातली. त्या आत्याबाईंनीसुद्धा, ज्यांचं सोवळं जगजाहीर. वहिनी आत जाऊन बसली.

मी रडलो नाही, शकू. लोकांना वाटलं म्हातारा बहकला. मी बहकलो नव्हतो, मला राग आला होता आणि तो अजून आहे. थोडा जोशींवर, पण जास्त तुझ्यावर. का, ते सांगायला बसलोय. रविवारी कॉलेजातून तुझी ती विद्यार्थिनी प्रीती येणार आहे, आता तीच तिथे खातं सांभाळते. तुझा मायक्रोस्कोप न्यायला येतेय. स्लायडींच्या पेट्या नको म्हणाली, ठेवायला जागा नाही. मन्या म्हणतो, पप्पा, फेंक देते हैं. एकूण सहा पेट्या आहेत. त्यांत तेवीस नंबर आहे, आणि तेवीस नंबरचं आपलं भांडण अजून मिटलेलं नाही.

तुला आठवतं का, तू मला पहिल्यांदा मायक्रोस्कोपमधून बघायला लावलंस ते? रविवार होता. तू तेव्हा कॉलेजात कच्च्या नोकरीवर होतीस आणि डॉक्टरेटच्या मागे लागली होतीस. मी डबा द्यायला आलो होतो. मिलमध्ये ले-ऑफ चालू होता, आठवड्यातून तीन दिवस काम, बाकी चार दिवस घरात बसून तुझ्या वहिनीची बोलणी. तू म्हणालीस, दादा, बघ तर. मी एक डोळा मिटला आणि दुसरा लावला. आधी माझीच पापणी दिसली. मग एक गोळा दिसला, आणि गोळ्यावर जाड जाड रेघा, एकीला लागून एक, तिरक्या.

मी म्हटलं, "हे तर ट्विल आहे. तिरकी वीण."

तू खुर्चीत बसलीसच. तो बिलावलीच्या तलावातल्या नेच्याचा बीजाणू होता. नेचं म्हणजे कुंडीत लावतात ते फर्न, एवढं तरी मला माहीत होतं. तू म्हणालीस, हेच सांगायला मी तीन पानं खर्ची घातली. मग मी खिशातून माझं घडीचं भिंग काढलं, धागे मोजायचं, आणि तू हसायला लागलीस. भिंगाची गरज नव्हती, पण सवय. मी फोल्डिंग खात्यात होतो. अठरा वर्षं उजेडाच्या टेबलावरून माझ्या डोळ्यांसमोरून कापड गेलं. कुठे उभा ताणा तुटलाय, कुठे आडवा बाणा ढिला पडलाय, ते मला हाताआधी डोळ्याने कळायचं. दोष दिसला की काठाला लाल दोरा बांधायचा. कापडाचा ताका साफ असला की कोपऱ्यात आपला नंबर मारायचा. माझा एकशे चौदा. तो नंबर म्हणजे शपथ होती. बाजारात तो ताका उलगडला आणि खोट निघाली तर माल परत यायचा तो खात्याकडे नाही, एकशे चौदाकडे. म्हणून जे मी स्वतः पाहिलं नाही त्यावर मी कधी नंबर मारला नाही. साहेब मागे उभा राहिला तरी नाही.

तुला चित्रं हवी होती. तुझ्या डॉक्टरेटच्या सरांना फोटो परवडत नव्हते आणि बाहेरचा चित्रकार बटाटे काढून द्यायचा. मी डिझाइन खात्यातून चौकटीचा कागद आणला, ज्याच्यावर काठ-पदराची नक्षी काढतात तो. एक चौकट म्हणजे एक धागा. त्याच्यावर मी बीजाणू काढायला लागलो. आधी पेन्सिल, मग काळी शाई. तू शेजारी बसून नावं सांगायचीस आणि मी ती नावं माझ्या भाषेत बसवायचो. सरांची कित्येक अक्षरांची नावं होती, माझी चार: जाळी, ट्विल, दाणा, साधं. तुझे सर पानभर लिहून जे सांगायचे ते या चारांत बसायचं. तू रागवायचीस आणि मग वहीच्या कडेला पेन्सिलने माझंच नाव लिहून ठेवायचीस.

आणि ती तीन रेघांची खूण. मी विचारलं होतं, प्रत्येकाच्या पोटावर हा तीन टोकांचा चट्टा कसला? तू म्हणालीस, एका पिशवीत चौघं वाढतात, एकमेकांना चिकटून. प्रत्येकाच्या अंगाला बाकीचे तिघं टेकलेले असतात. वेगळे झाले तरी टेकल्याची खूण राहते. काहींची एकच रेघ असते, ती चौघं संत्र्याच्या फोडींसारखी बसलेली असतात. म्हणून खूण बघितली की कळतं, हा आपल्या भावंडांत कसा बसला होता.

मी म्हटलं, "म्हणजे आपली चाळीतली खोली."

तिथे आपण चौघं एका गोधडीत झोपायचो. मग बापू लहानपणीच तापाने गेला, माई लग्न होऊन देवासला गेली आणि तिथेच वारली.  पेन्सिलीला टोक काढत बसलीस, गरज नसताना. मी ते पाहिलं होतं, सांगतो आता.

बावीस चित्रं झाली. बावीसही तू मान्य केलीस. मग आला तेवीस नंबर.

छत्रीबागेच्या मागे, खान नदीच्या घाटाच्या भिंतीतून तू ते नेचं खरवडून आणलंस. पानाच्या मागे तपकिरी ठिपके, त्यांत हे कण. चवळीच्या दाण्यासारखे, पोटावर एकच रेघ. तू ते तसेच, न धुता, काचेवर ठेवलेस, कारण एरवी तू कण ज्या आम्लात धुवून घ्यायचीस ते त्या रविवारी संपलं होतं. मी बघितलं आणि मला फार आवडलं. अंगभर उभ्या घड्या होत्या, चुण्या घातलेल्या, मधेमधे एकमेकींत मिसळणाऱ्या. मी दिवसभर बसून काढलं. संध्याकाळी तू पाहिलंस आणि म्हणालीस, दादा, हे सगळ्यांत चांगलं झालं.

त्याच आठवड्यात मिलच्या गेटला कुलूप लागलं.

ते दिवस आठव. टीव्हीवर रोज नवी गाडी, नवं पेय, देश उघडतोय म्हणे, आणि आमचं गेट बंद. सकाळच्या पाळीला गेलो तर कागद चिकटवलेला. कुणी दगड मारला नाही, कुणी घोषणा दिली नाही. आम्ही नुसते उभे राहिलो, जसे काही पाळी सुरू व्हायची वाट बघतोय. दुपारी एकच्या सुमाराला तू आलीस. पांढरा अॅप्रन अंगातच, केस सुटलेले. तुझ्या अंगाला आंबट वास येत होता, लोणच्याच्या रिकाम्या बरणीसारखा. मी तुझ्यावर ओरडलो. एवढ्या लोकांत म्हटलं, "इथे काय काम तुझं? घरी जा." तू गेली नाहीस. माझ्या डाव्या हाताला उभी राहिलीस, दीड-दोन तास. एकदा फक्त म्हणालीस, दादा, पाणी पितोस का? मी म्हटलं, नको. मग गेलीस.

पुढच्या आठवड्यात तू घरी आलीस ती तोंड पाडून. सरांनी माझं तेवीस नंबर तुझ्यापुढे परत फेकलं होतं. म्हणाले होते, "शकुंतला, ये बीजाणु है या साड़ी का बॉर्डर? मिलवाले से बनवाओगी तो यही होगा." आम्लात धुतलेली स्लाइड त्यांनी पाहिली होती आणि त्यात तो दाणा गुळगुळीत होता. एकही घडी नव्हती. सर म्हणाले, घड्या म्हणजे वाळल्याच्या सुरकुत्या, या जातीला वरचं आवरण नाहीच. आणि तू, शकू, तू मान हलवलीस. तू स्वतःच्या हाताने तेवीस नंबर पुन्हा काढलंस, साधं, सपाट, उकडलेल्या अंड्यासारखं.

मी काय बोललो ते तुला पाठ असेल. वहिनीच्या देखत बोललो. म्हटलं, गेटावरचा कागद म्हणतो माझे हात नकोत. आता तू म्हणतेस माझे डोळेही नकोत. तू म्हणालीस, दादा, ऐकून तर घे. मी म्हटलं, ऐकायचं नाही. तुझ्या प्रबंधात माझं नाव घालायचं नाही. जे मी पास केलं नाही त्यावर माझा नंबर पडणार नाही. तू त्या पानावर लिहिलं होतंस, चित्रं: माझे थोरले बंधू, फोल्डिंग खातं. ते मी तुझ्यासमोर खोडलं. लाल पेनाने खोडलं, कारण दोषाला लाल लावतात.

मग पाच महिने आपण बोललो नाही. एका घरात. वहिनीला सांगायचो, तिला म्हणावं भाजी वाढू का. तू वहिनीला सांगायचीस, दादाला म्हणावं पुरे. मन्या तेव्हा सहा वर्षांचा, त्याला वाटायचं हा एक खेळ आहे. त्या पाच महिन्यांत तुझी डॉक्टरेट झाली, पक्की नोकरी लागली, आणि पाच माणसांचं घर तू एकटीने ओढलंस. आई गेली ती तुझ्या पगाराच्या औषधांवर शेवटची तीन वर्षं काढून गेली. मी पुढे कापड बाजारात एका दुकानावर बसायला लागलो, पण चूल पेटत होती ती तुझ्या सपाट अंड्यावर. हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळणं वेगळं, आणि तोंडाने म्हणणं वेगळं. आभार मानायला मला कधी जमलं नाही. आज मानतो, आणि मानताना अंगावर काटा येतोय, तर तो येऊ दे.

किती वर्षांनी ते मोजत नाही, सुदामा नगरात हे घर झाल्यावर एका दुपारी तू माझ्या खोलीत आलीस. हातात पाकीट होतं. म्हणालीस, दादा, तेवीस नंबर तू बरोबर काढलं होतंस. त्या दाण्याला वरचं आवरण आहे. आम्लात जास्त वेळ राहिलं की ते निघून जातं आणि खाली सपाट दिसतं. मी दुरुस्तीचा लेख लिहिलाय, तुझं जुनं चित्र लावलंय, दोघांच्या नावाने पाठवते.

मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हटलं, "म्हणजे खळ."

तू म्हणालीस, खळ नव्हे रे. पेरीन म्हणतात. मी म्हटलं, नाव काही दे, कोरं कापड आणि धुतलेलं कापड एक नसतं, हे मला फोल्डिंगमध्ये पहिल्या दिवशी शिकवलं. कोऱ्या कापडाला कांजीची खळ असते. धुतलं की ते पातळ, निराळंच दिसतं. तू धुवून बघितलंस, मी कोरं बघितलं. एवढंच तर होतं. तेव्हा मला विचारलं असतंस तर एका मिनिटात सांगितलं असतं.

तू म्हणालीस, "खळ वरून चढवतात, दादा. ही झाडाच्या पिशवीतच चढते. पिशवीची आतली भिंत स्वतः विरघळते आणि तिचं या पोरांच्या अंगावर बसतं."

मी म्हटलं, "मग खळच. ताण्याला खळ विणण्याआधी देतात. का? मागावर तुटू नये म्हणून. त्या भिंतीनेही त्याच्यासाठीच दिली असेल."

 तू इतकी हसलीस की वहिनी पोळ्या टाकून बघायला आली. त्या दुपारी मिटलं असतं सगळं. मी मिटवलं नाही. तू पाकीट पुढे केलंस, आणि मी म्हटलं, माझं नाव हजेरीपटावरून निघालं तेव्हाच निघालं. आता कुठल्या कागदावर नको. तेव्हा हवं होतं, आता नको. एवढं म्हणून मी पेपर वाचायला लागलो. उलटा धरला होता की सुलटा, देव जाणे.

पुढे दर दिवाळीला, फराळाचं ताट देताना, तू एकदा विचारायचीस, "पाठवू का?" आणि मी म्हणायचो, "नको." ती आपली भाऊबीजच झाली होती. तू एकटीच्या नावाने कधी पाठवलं नाहीस. मला वाटायचं, भाव खाते आहे. मला वाटायचं, वाट बघू दे थोडी, मीही पाहिली.

गेल्या दिवाळीला तू विचारलं नाहीस. धाप लागत होती तुला. मला वाटलं, विसरली.

काल दुपारी मी पेट्या काढल्या. फेकायला नव्हे. प्रीतीला दाखवायला, की बाई, काय नाकारतेस ते एकदा बघ तरी. स्लायडी क्रमाने लावत होतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर माझा डावा डोळा एकदम चकाचक आहे, सांगून ठेवतो. तेवीस नंबरच्या दोन स्लायडी होत्या, एक कोरी, एक धुतलेली. त्यांच्याखाली तुझी प्रयोगाची जुनी वही होती, निळ्या पुठ्ठ्याची. तारीख बघून मी वाचायला लागलो, कारण ती तारीख माझ्याही पाठ आहे.

तू लिहिलं होतंस: "क्र. २३. आम्लात टाकले, नळी गरम पाण्यात. निरोप आला. दिवा विझवला, नळी काढायची राहिली. मिलच्या गेटवर. दोन तासांनी परत. कण काळपट. आवरण कुठेच नाही. घाटाची भिंत खरवडून चुना फासलेला, पाने उरली नाहीत. पुन्हा गोळा करायचे तर पुढचा पावसाळा."

मी ते चार वेळा वाचलं. मग चष्मा काढून वाचलं.

तीन-चार मिनिटांचं काम होतं ते. तूच मला शिकवलं होतंस, नळी घड्याळ लावून काढायची असते. आणि तू नळी तशीच टाकून, अॅप्रनसकट, पळत माझ्या डाव्या हाताला येऊन उभी राहिलीस. माझ्या ओरडण्याखाली उभी राहिलीस. तिकडे तो दाणा आम्लात सोलला जात होता आणि इकडे मी तुला म्हणत होतो, इथे काय काम तुझं. तो आंबट वास त्या नळीचा होता. लोणच्याची बरणी म्हणालो मी.

सर घड्या नाहीत म्हणाले, तेव्हा त्या कशामुळे गेल्या ते तुला माहीत होतं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबायला घरात दाणा नव्हता, आणि नळी का राहिली ते सांगितलं असतंस तर मला कळलं असतं की ती माझ्यामुळे राहिली. म्हणून तू मान हलवलीस. म्हणून मला लाल पेनाने खोडू दिलंस. पाच महिने वहिनीच्या हातून भाजी घेतलीस.

आता माझं ऐक. तू हे फार वाईट केलंस. मला काय काचेचा समजलीस? गेट बंद झालं ते पचवलं मी, आई पचवली, बाजारात दुसऱ्याच्या गादीवर बसून गिऱ्हाइकाला भाऊसाहेब म्हणणं पचवलं. हे नसतं पचलं? एकदा सांगायचंस. दादा, तुझ्यासाठी आले म्हणून राहिली नळी. मी ओरडलो असतो, आणि मग त्याच संध्याकाळी चौकटीच्या कागदावर माझा नंबर मारला असता. तू मला सांभाळायला गेलीस आणि इतक्या वर्षांचं बोलणं घालवलंस. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर रागवू नये. मी रागवणार. तू समोर असतीस तर आत्ताच्या आत्ता पाच महिने बोललो नसतो.

परवा इथपर्यंत लिहिलं आणि उठलो. आज रविवार. प्रीती येऊन गेली, ते सांगतो.

चांगली मुलगी आहे. तुझा फोटो बघून डोळे पुसले. मग मायक्रोस्कोप गुंडाळायला लागली. मी मायक्रोस्कोपवर हात ठेवला आणि म्हटलं, पेट्या पण जाणार. ती म्हणाली, "दादाजी, समझिए ना, स्लाइड्स रखने की जगह नहीं है. और अब तो सब कंप्यूटर पर है." मन्या म्हणाला, पप्पा, ज़िद मत करो. मी म्हटलं, जिद्द नाही, शर्त आहे. सहा पेट्या आणि हा मायक्रोस्कोप एकत्र जातील, नाहीतर दोन्ही इथेच राहतील आणि मी रोज सकाळी जोशींना दाखवीन.

मग तिला खुर्चीत बसवलं. कोरी स्लाइड लावली. कडेची लाख तडकली होती, पण आतलं शाबूत होतं. प्रीतीने डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.  मग मी धुतलेली लावली. तिने वर बघितलं आणि विचारलं, "ये दोनों एक ही हैं?" मी म्हटलं, एकाच भिंतीवरचे, एकाच पानावरचे. आणि दुरुस्तीच्या लेखाचं तुझं पाकीट, पेटीतच होतं ते, तिला दिलं.

तिने तिथेच बसून वाचलं. माझं जुनं चित्र उजेडाकडे धरलं. म्हणाली, हे छापून येऊ शकतं, मी पाठवते. मी म्हटलं, नळी का राहिली ते पण लिहायचं. ती म्हणाली, "दादाजी, पेपर में ऐसा कारण नहीं लिखते. इतना लिखेंगे कि नमूना ज़्यादा देर एसिड में रह गया." मी अर्धा तास भांडलो. ऐकली नाही, तुझीच विद्यार्थिनी. ठीक आहे. त्यांनी तिथे लिहू नये. मी इथे लिहिलंय: नळी राहिली कारण मिल बंद झाली, आणि शकुंतलाला भावाच्या शेजारी उभं राहायचं होतं.

पेट्या गेल्या. सहाच्या सहा. मन्याने उचलल्या, मी त्याला एकही खाली ठेवू दिली नाही, गाडीपर्यंत.

जाण्याआधी प्रीतीने विचारलं, चित्राखाली नाव काय घालू? तुझ्या अक्षरात तिथे तुझं नाव होतं, आणि पुढे जागा सोडलेली. एवढी वर्षं तू ती जागा भरली नाहीस, पुसलीही नाहीस. मी काळी शाई मागितली. रेघ सरळ यावी म्हणून डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. आधी नाव लिहिलं. मग चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे ताक्यावर मारायचो तिथे, एकशे चौदा.

पास केलंय मी, शकू. तुझं, माझं, दोन्ही. लाल पेन इथे माझ्या खिशात आहे. हिंमत असेल तर ये आणि खोड.